साखरीचं अंथरूण

आमच्या घरात दिवेलागणीनंतर ‘उंदीर’ हा शब्द कुणी उच्चारायचा नाही असा दंडक होता. ‘ते’ म्हणायचं. दाजीबानपेठेत पुढे कापडाचं दुकान, मागे आमचं बिऱ्हाड आणि मध्ये एकच दार. त्या दाराच्या तळाशी अप्पांनी जस्ती पत्र्याची पट्टी ठोकून घेतली होती. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ते बॅटरी घेऊन प्रत्येक कपाटाखाली आणि प्रत्येक गठ्ठ्यामागे वाकून बघत. आई आणि मी चुलीपाशी चहा घेऊन बसलेल्या असायचो, पण कान तिकडे. अप्पांच्या पावलांचा आवाज सरळ पुढे गेला तर ठीक. मध्येच थांबला की आई माझ्याकडे बघायची आणि मी आईकडे. एखादी लेंडी जरी सापडली तरी त्या दिवशी घरात कुणी भांडंसुद्धा आपटत नसे.

अशा घरात मी दोन उंदीर पाळले.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझी नात. उणकलच्या तळ्याकडच्या ज्या घरात बसून मी हे लिहिते आहे, तिथे तिनं गेल्या महिन्यात उंदरांची जोडी आणली, पिंजऱ्यासकट. अंथरुणाचं एक पाकीट, खाण्याचं दुसरं. मला विचारते, आजी, खाली कागदाचा लगदा घालू की लाकडाचा भुसा? मी म्हटलं, पाच मिनिटं दे, सांगते. त्या पाच मिनिटांचा पंधरवडा झाला, आणि पोरीनं तोवर स्वतःच काय ते ठरवून टाकलं. पण मी लिहायला बसले ती बसलेच.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला अण्णाच म्हणायचो, धारवाडला कॉलेजात शास्त्र शिकत होता. शनिवारी दुपारी घरी यायचा, येताना बहुधा पेढ्याचा पुडा आणायचा. श्रावणातल्या एका शनिवारी पुड्याऐवजी त्याच्या हातात भोकं पाडलेला बिस्किटांचा डबा होता. तो त्यानं मागच्या पडवीत ठेवला आणि झाकण जरासं सरकवलं. आत दोन पांढरेशुभ्र जीव, डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल डोळे, गुलाबी शेपट्या. आईनं पदर तोंडावर घेतला आणि दोन पावलं मागे गेली. मी मात्र तिथेच खाली बसले. मला ते एकदम आवडले, आणि मला एकदा काही आवडलं की मग माझं डोकं चालत नाही, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

अण्णाचं म्हणणं असं, की कॉलेजातलं त्यांचं काम झालं होतं आणि काम झालेले उंदीर तिथे ठेवत नाहीत, मारून टाकतात. ही दोन त्यानं मागून घेतली होती. त्याच्या खोलीवर ठेवायची सोय नव्हती. हे सगळं तो आईला सांगत असतानाच अप्पा जेवायला म्हणून हात धुवायला पडवीत आले. त्यांनी डबा बघितला. मग बराच वेळ हात धूत राहिले. 

"गणपती तोंडावर आलाय," शेवटी ते म्हणाले. "ह्या दिवसांत दारात आलेलं हाकलत न्हाई मी. पण अनंत चतुर्दशीला गणपती गेला की हेबी जायला पायजेत. आणि तोवर कापडाची चव लागता कामा न्हाई त्यांना. एक चिंधीसुद्धा न्हाई."

जायला पाहिजेत म्हणजे कुठे, हे मी अण्णाला नंतर विचारलं. तो हरभरे कसे भिजवायचे ते सांगायला लागला, आणि त्यावरूनच मला कळलं. मला सहा आठवडे मिळाले होते. त्या सहा आठवड्यांत हे जीव इतके नीटनेटके, इतके गुणी दिसले पाहिजेत की अप्पांना त्यांना बाहेर काढायचा धीरच होऊ नये, असा माझा बेत होता. मादीचं नाव मी साखरी ठेवलं आणि नराचं बत्तासा.

अप्पांच्या त्या अटीमागे आदल्या वर्षीची एक गोष्ट होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. गणेश चतुर्थीचा दुसरा दिवस आमच्याकडे उंदराचा. शेजारपाजारचे कानडी विणकर त्याला ‘इली वार’ म्हणत. इली म्हणजे उंदीर. गणपतीच्या वाहनाचा मान म्हणून त्या दिवशी मागावर कुणी बसत नाही, शिंपी यंत्राला हात लावत नाहीत, आणि आम्ही कापडवाले कापड फाडत नाही, कापत नाही, साधा दोरासुद्धा तोडत नाही. दुकानातल्या सगळ्या कात्र्या तांबड्या दोऱ्यानं बांधून गणपतीपुढे ठेवायच्या. दुकानाच्या चारी कोपऱ्यांत पानावर पुरणाचा कडबू ठेवायचा. त्या दिवशी तुम्ही कापलंत, तर वर्षभर ते कापणार, असा तो व्यवहार. आदल्या वर्षी अळणावरकडच्या खेड्यातून एक म्हातारा नेमका त्याच दिवशी आला. लेकीची सोयरीक ठरली होती, परतीची गाडी गाठायची होती, चोळीला खण हवा होता. अप्पांना त्याची दया आली. त्यांनी एक कात्री सोडली आणि खण कापून दिला.

दोन महिन्यांनी एका दुसऱ्या घरचे लोक ठरवून ठेवलेला लग्नाचा शालू न्यायला आले. नवरी मुलगी स्वतः आली होती. अप्पांनी घडी उलगडली. उंदरानं घडीच्या कोपऱ्याला एकदाच दात लावला होता, पण घडीच ती, उलगडत गेली तसं प्रत्येक थराला भोक निघत गेलं, पार टोकापर्यंत. मी दारातून बघत होते. त्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून मी अप्पांकडे बघितलं, तर तिकडे त्याहून बघवेना. तो शालू त्यांनी पुन्हा घडी घालून माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवला.

असो. उंदरांना घर मिळालं ते आलेपाकाच्या एका जुन्या खोक्याचं. त्याला पुढून बारीक तारेची जाळी ठोकली आणि पडवीत बंबाच्या बाजूला ठेवलं. अण्णानं जाताना वहीचं पान फाडून सूचना लिहून दिल्या. खायला भिजवलेले हरभरे, जोंधळे, भाकरीचा तुकडा, काकडी; कांदा नको, तिखट नको, गोड नको. अंथरूण कोरडं, वास नसलेलं, धूळ नसलेलं, धागा नसलेलं. शेवटच्या दोन शब्दांखाली त्यानं रेघ ओढली होती.

पहिला आठवडा मी जुनी वर्तमानपत्रं फाडून घातली. दुकानात मराठीही यायचं आणि कानडीही, त्यामुळे उंदीर दोन्ही भाषांत झोपत. पण त्या काळची शाई हाताला लागायची तशी त्यांनाही लागली. चार दिवसांत साखरी पोटाखाली करडी झाली. मग मी कमरीपेठेतल्या एका सुताराकडून पिशवीभर भुसा आणला. सागवानाचा, ताजा, छान वासाचा. वास नसलेलं असं लिहिलं होतं खरं, पण मला वाटलं घाण वास नको असं त्याला म्हणायचं असेल. दुसऱ्या दिवसापासून दोघं शिंकायला लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी जाळीशी गेले तर साखरीच्या डोळ्यांतून रक्त येत होतं.

मी रडतच आईकडे गेले. आईनं लांबूनच बघितलं आणि हे बरं लक्षण नाही असं म्हणाली, आणि अप्पांना सांगू नकोस असंही म्हणाली. तो बुधवार होता. शनिवारपर्यंत मी शाळेत काय शिकले मला माहीत नाही. अण्णानं आल्याबरोबर बोट पाण्यात बुडवून साखरीचे डोळे पुसले आणि सांगितलं, हे रक्त नव्हे, उंदराच्या आसवांनाच लाल रंग असतो, त्रास झाला की ती वाहतात. भुसा काढून टाक. मला हायसं वाटायला हवं होतं. पण त्रास झाला की वाहतात, एवढंच डोक्यात राहिलं. तो त्रास मी दिला होता.

भुसा गेला आणि गवत आलं. उणकल तेव्हा निराळं गाव होतं. तिथून निंगव्वा रोज डोक्यावर दुधाची घागर घेऊन चालत यायची. तिला मी माझी अडचण सांगितली. ती पोट धरून हसली, पण दुसऱ्या दिवशी ओच्यातून वाळलेलं गवत घेऊन आली. "तगो तंगी, हुल्ल मेत्तग ऐत," म्हणाली. घे बाई, गवत मऊ आहे. होतंही तसं मऊ. दहाएक दिवस त्या गवतावर दोघं सुखानं राहिली. खाण्यात मात्र मी चुका करतच होते. शेंगदाणे त्यांना इतके आवडायचे की मी मूठ मूठ घालायची, तर बत्ताशाच्या मानेवर खाजवून खाजवून टक्कल पडलं. एकदा गिरमिटातले चुरमुरे दिले; तेलातिखटाचे ते, बिचारा अर्धा तास तोंड पुसत बसला. अण्णा रागावला. मी म्हटलं, तुझ्या कॉलेजात काय जिलेबी मिळत होती त्यांना?

मग साखरीचं पोट दिसायला लागलं. हे पहिल्यांदा ओळखलं आईनं. आई जाळीच्या जवळ कधी येत नसे, पण त्या दिवसापासून तिच्या पानातला मऊ भात एका वाटीत वेगळा निघायला लागला. "पोटुशी हाय ती, कोरडं जोंधळं काय घालतीस," एवढंच म्हणाली. बत्ताशाला अण्णानं दुसऱ्या खोक्यात हलवलं. साखरी दिवसभर गवताच्या काड्या तोंडात धरून कोपऱ्यात नेत होती, रचत होती, मोडत होती, पुन्हा रचत होती. तिला ते पुरत नव्हतं हे दिसत होतं. गवतही आता जुनं होऊन टोचायला लागलं होतं आणि निंगव्वा चार दिवस आली नव्हती.

चतुर्थीच्या आठवडाभर आधी, आई देवळात गेलेली असताना, मी माळ्यावर चढले आणि ती ट्रंक उघडली.

माझा विचार काय होता तो मला आजही लख्ख आठवतो, आणि चीड याची येते की तो त्या वयाला बिनचूक वाटला होता. तो शालू तसाही उंदरांचाच होऊन बसला होता. कुणी नेसणार नव्हतं, कुणी विकणार नव्हतं. त्याच्याइतकं मऊ घरात दुसरं काही नव्हतं. अप्पांची अट कापडाची होती, पण ते त्यांना कळणार नव्हतं, कारण मी वरून गवत घालणार होते. आणि अण्णाच्या कागदावरच्या ‘धागा नसलेलं’चं म्हणाल, तर ते त्यानं अप्पांसाठी लिहिलं आहे अशी माझी खात्री होती. अप्पांच्या हातात तो कागद पडला तर त्यांना बरं वाटावं म्हणून खाली रेघ. त्याला एकदा विचारायचं होतं, तेवढं मी केलं नाही. पदराकडचा हातभर तुकडा फाडून घेतला, चिंध्या केल्या आणि गवताखाली सरकवल्या. साखरीनं त्या तासाभरात कोपऱ्यात ओढून नेल्या. दोन दिवसांनी त्या रेशमात आठ पिल्लं होती, शेंगदाण्याएवढी, लालबुंद. आईनं डिंकाच्या लाडवाचा चुरा आणून दिला. मला वाटलं, जिंकले.

गणपती आला. आरती झाली, कडबू झाले. दुसरा दिवस उजाडला. अप्पांनी आदल्या संध्याकाळीच सगळ्या कात्र्या बांधून गणपतीपुढे ओळीनं मांडल्या होत्या. मोठ्या तीन, आणि एक बोटभर लांबीची, नखरेल, काठाचे सुटे धागे कापायची. दुकानाचं एक दार उघडं होतं. गिऱ्हाईक आलं तर माल दाखवायचा, कापायचा नाही. आईला ऋषिपंचमीचा उपास होता, ती ऋषीची भाजी शिजवत होती. अण्णा घरीच होता. दुपार व्हायच्या सुमाराला मी कडबूचा एक कोपरा घेऊन पडवीत गेले.

साखरी हाताशी आली नाही. आतून एक बारीक आवाज आला, पिल्लांचा नव्हे. मी गवत बाजूला केलं. तिच्या मागच्या डाव्या पायाला रेशमाचा धागा दोन-तीन वेढे बसून आवळला होता आणि त्याच्यापुढचं पाऊल सुजून जांभळंकाळं झालं होतं. ती हलली की धाग्याबरोबर अख्खी चिंधी ओढली जात होती आणि चिंधीबरोबर पिल्लं. आणि ती कुरतडत होती. धागा नव्हे. स्वतःचं पाऊल कुरतडत होती, ते तिचं राहिलंच नव्हतं जणू.

मी अण्णाला हाक मारली. त्यानं बघितलं आणि पहिल्यांदा त्याची नजर गेली ती जरीवर. "हे कापड?" म्हणाला.  "मी रेघ ओढून लिहिलं होतं, शकू." मी म्हटलं, मला वाटलं ते अप्पांसाठी. त्यानं डोळे मिटले. मग साखरीला उचलून नखानं, टाचणीनं, धागा सोडवायला लागला, पण तो कातडीत रुतला होता आणि ती वेडीपिशी तडफडत होती. तो म्हणाला, कापायला पाहिजे, आणि आत्ता. संध्याकाळपर्यंत थांबलो तर ही पाय तोडून घेईल, आणि ही गेली तर आठही गेली.

आवाज ऐकून आई आली होती. तिनं सगळं बघितलं. "आज धागा तोडायचा न्हाई," ती हळू म्हणाली. "गेल्या वर्षी काय झालं बघितलायसा न्हवं. त्यांना विचारल्याबिगर देवापुढं हात घालू नका." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती दारातून हलली नाही. मला अण्णाचं जास्त नवल वाटलं. धारवाडला राहून हे सगळं थोतांड म्हणणारा अण्णा, चार पावलांवर ती कात्री पडली होती, पण तो गेला नाही. शालूच्या दिवशी तोही दुकानात होता. त्यानंतर मी त्याला कधी त्याबद्दल बोल लावला नाही, कारण मीही गेले नव्हते.

म्हणजे अप्पांना सांगायला पाहिजे होतं, आणि सांगायला मलाच जायला पाहिजे होतं. जस्ती पट्टीचं ते दार मी हजारदा ओलांडलं असेल, पण त्या दिवशी पट्टीपाशीच थबकले. अप्पा गादीवर एकटेच बसले होते, पुढ्यात एक उलगडलेला तागा, हातात काही नाही. कापायला मिळत नसलं की त्यांना हातांचं काय करावं कळत नसे. मी म्हटलं, साखरीच्या पायाला धागा अडकलाय, पाय काळा पडलाय.

"कसला धागा?"

"शालूचा," मी म्हटलं. "ट्रंकेतल्या. मी घातला."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी मार खायच्या तयारीनं उभी होते. मारलं असतं तर फार बरं झालं असतं. ते उठले आणि माझ्या बाजूनं, मला न शिवता, आत गेले. मी मागोमाग गेले. खोक्यापुढे उकिडवे बसून त्यांनी एक चिंधी उचलली, अंगठ्यानं चोळली, उलटी करून बघितली. आठ पिल्लं तिथे उघड्यावर वळवळत होती. अण्णाच्या मुठीत साखरीनं पुन्हा पाय तोंडात घेतला आणि या वेळी रक्त आलं. अप्पांनी ते बघितलं. चिंधी खाली ठेवली आणि आत गेले.

गणपतीपुढे ते किती वेळ उभे होते कोण जाणे. आम्हाला फक्त दिसत होती त्यांची पाठ. परत आले तेव्हा हातात ती बोटभर कात्री होती. तिचा तांबडा दोरा त्यांनी तोडला नव्हता, गाठ सोडवून काढला होता. त्यांनी खांद्यावरचं उपरणं हातावर घेतलं आणि अण्णाकडून साखरीला घेतलं. ज्या प्राण्याचं नाव तिन्हीसांजेनंतर त्यांनी आयुष्यात घेतलं नव्हतं, त्याला त्यांनी छातीशी धरलं. कात्री धाग्याजवळ नेली. दोनदा नेली, दोनदा मागे घेतली.

"मला बारीक दिसत न्हाई," ते म्हणाले आणि कात्री माझ्यापुढे धरली. "तू काप."

मी म्हटलं, मी नाही कापणार, आज नाही. आईकडे बघितलं, तिनं तोंड फिरवलं.

"मी धरलंय न्हवं," अप्पा म्हणाले. "जे काय लागायचं ते धरणाऱ्याला लागंल. कापणाऱ्याला न्हाई. हात स्थिर ठेव."

मी कात्रीचं टोक धाग्याखाली सरकवलं. पहिला वेढा तुटला तशी साखरीनं मान वळवून अप्पांच्या अंगठ्यात दात रुतवले.  अंगठा त्यांनी तिच्या तोंडातच राहू दिला. "घाई नको. एक एक," एवढंच म्हणाले. दुसरा वेढा सुटला. तिसरा इतका आत गेला होता की धागा कुठे आणि कातडी कुठे ते दिसत नव्हतं. मी कात्री मिटली. पाऊल सुटलं. उपरण्यावर रक्ताचा डाग पसरला होता, त्यातलं तिचं किती आणि अप्पांचं किती ते सांगता आलं नसतं.

मी तिथेच बसून हुंदके द्यायला लागले. अप्पांनी आईकडे हळद मागितली, अंगठ्यात भरली, कात्री धुतली, पुन्हा बांधून गणपतीपुढे ठेवली. मग अण्णाला विचारलं, आता ह्यांच्याखाली काय घालायचं? जेवायला काय आहे असं विचारावं त्या आवाजात. अण्णानं सांगितलं, कागद चालेल, पण न छापलेला. अप्पा दुकानात गेले आणि ताग्यांच्या घड्यांमध्ये येतो तो कोरा मऊ कागद भारभर घेऊन आले. पडवीत बसून त्यांनी स्वतः तो फाडला, सरळ, एकसारख्या पट्ट्या, कापड फाडायचीच ती सवय. पिल्लं त्यात ठेवली. साखरी तीन पायांवर लंगडत त्यांच्यावर जाऊन पसरली. तिची दोन बोटं पुढे झडून गेली, बाकी पाय राहिला.

त्या अंथरुणावर कुणी शिंकलं नाही, कुणी काळं झालं नाही. घरात रोज येऊन पडणारी वस्तू, आणि मी ती शोधत कमरीपेठेपासून उणकलपर्यंत फिरले होते. नातीला शेवटी मी हेच सांगितलं.

अनंत चतुर्दशीला अप्पा गणपती बुडवून आले, रिकामा पाट भिंतीला टेकवून ठेवला. मी दिवसभर जेवले नव्हते. अण्णानं भोकांचा डबा पुसून तयार ठेवला होता. अप्पा पडवीत पाय धुवायला गेले आणि तिथूनच मला हाक मारली. म्हणाले, खोक्यातला कागद ओला झालाय, बदल तो. बस, तेवढंच. डबा पुन्हा माळ्यावर गेला.

आईनं मात्र शालूवरून किंवा कात्रीवरून मला एकदाही बोल लावला नाही. त्या दिवशी कापल्याचं काय फळ येतं, याची ती वाट बघत होती. मीही बघत होते. त्या वर्षी एखादं कपाट उघडताना कुरकुरलं तरी मी हातातलं टाकून दाराशी जायची. अप्पा तर गठ्ठे दिवसातून दोनदा हलवायला लागले होते. मार्गशीर्षात लग्नसराई आली, आणि एका सकाळी परसात ऊन द्यायला म्हणून त्यांनी नव्या इरकली साड्या काढल्या. मी आणि आई तिथेच पापड घालत होतो. त्यांनी तिसरी साडी उलगडली आणि हात थांबला. घडीच्या कोपऱ्याला भोक होतं. मग पुढच्या थराला. मग त्याच्या पुढच्या.

आईनं पिठाचे हात तसेच धरले आणि माझ्याकडे बघितलं. तिचे ओठ हलले. मला माहीत होतं ती काय म्हणणार आहे, आणि ते ऐकल्यावर मला त्या घरात जन्मभर कसं राहायचं ते कळत नव्हतं.

"काल मागच्या खिडकीची जाळी मीच उघडी टाकली," अप्पा तिला म्हणाले. "तिथनं आलं असंल. माझीच चूक."

साडीचा रंग जाणार असेल तर गिऱ्हाइकानं विचारायच्या आत सांगणारा माणूस होता तो. आईनं मान डोलावली आणि पुन्हा पापड लाटायला घेतला. आदल्या संध्याकाळी ती जाळी मी लावली होती, आणि अप्पांनी माझ्यादेखत ती दोनदा ओढून बघितली होती. आई गेली तोवर तिला हेच ठाऊक होतं, की जाळी उघडी राहिली होती.